दुधाच्या हिशोबाखालचे आकडे

चाळीतली खोली रिकामी करायची तारीख ठरली तेव्हा पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. आत गोधड्या, पितळी समई, माझ्या नवऱ्याची दहावीची गुणपत्रिका आणि सुतळीने बांधलेली कालनिर्णयांची गुंडाळी. आमच्याकडे जुनं कालनिर्णय रद्दीत जात नाही. त्यात दुधाचा हिशोब असतो, आणि लिहिलेला हिशोब टाकायचा नसतो, हा बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, गिरणीत असल्यापासूनचा नेम.

मी २०२० चं उलगडलं. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या प्रत्येक चौकोनात, तिथीला धक्का न लावता, निळ्या पेनाने एकच आकडा: १॥. दीड लिटर. घरातल्या पाच माणसांचं रोजचं दूध. ५ मार्चपासून तो १ झाला, कारण आई, माझ्या सासूबाई, शिमग्याला गावी गेल्या. कुडाळच्या पुढे आमची वाडी आहे. त्यांचं कोकणकन्येचं परतीचं तिकीट २७ मार्चचं होतं.

२५ मार्चच्या चौकोनात, जिथे गुढीपाडवा छापलाय, तिथे पुन्हा १. आणि त्याच्या खाली शिसपेन्सिलीने दोन आकडे, एकावर एक, मधे आडवी रेघ. वर मुंबईतले त्या दिवशीचे कोविडचे रुग्ण, खाली सिंधुदुर्गातले. त्या दिवसापासून संध्याकाळच्या बातम्या लागल्या की बाबा पेन्सिल घेऊन भिंतीपाशी उभे राहायचे. मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. छेदात शून्य असलेला अपूर्णांक वहीत दिसला तर मी तो लगेच खोडते. त्या एप्रिलच्या कित्येक चौकोनांत तसे अपूर्णांक आहेत. वर वाढत जाणारी मुंबई, खाली ०. तेवढं शून्य लिहून झालं की बाबांना झोप लागायची.

आता सगळे जण ‘लॉकडाऊनमध्ये’ असं म्हणतात, तेव्हा तो एकच काळ होता आणि सगळीकडे सारखाच होता असं वाटतं. मला तो तसा आठवत नाही. साथ प्रत्येक ठिकाणी आपल्या वेळेने आली, निर्बंधही जिल्हा बघून बदलत गेले, आणि आमच्यासारख्यांचं घर दोन जिल्ह्यांत विभागलेलं. बाबांच्या पेन्सिलीची ती आडवी रेघ आमच्या घराच्या मधूनच गेली होती.

आमची खोली वरळीच्या बीडीडी चाळीतली. १६० चौरस फूट. मजल्यावर वीस खोल्या, मधून लांब पॅसेज, संडास सामायिक. ‘घरात राहा’ म्हणून टीव्हीवरून दिवसातून पन्नास वेळा सांगत होते, आणि ते खरंच होतं, पण चाळीत घर म्हणजे खोली एवढंच नसतं. खोलीत माणूस जेवतो, झोपतो. बाकी सगळं पॅसेजमध्ये, जिन्यात, खाली मैदानात. तांदूळ निवडणं तिथे, भांडण तिथे, मुलांचे पाढे तिथे. बाबा तीस वर्षं दाराबाहेर स्टूल टाकून बसत आलेले. दिवसाढवळ्या दार लावलेलं असलं तर आत कुणीतरी आजारी आहे असं समजायचं, ही चाळीची रीत. आता वीसच्या वीस दारं बंद. सकाळी संडासाच्या रांगेसाठी मंडळाच्या मुलांनी खडूने वर्तुळं काढली होती. बादली हातात घेऊन आपल्या वर्तुळात उभं राहायचं, पुढचा सरकला की सरकायचं. दर तासाला कुणीतरी हायपोक्लोराइटचा फवारा मारायचं. त्या वासाने डोळे चुरचुरायचे. अजून कुठे तो वास आला की माझा हात आपोआप तोंडाकडे जातो.

मार्चच्या अखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमचा जी साउथ वॉर्ड रोज बातम्यांत. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला आणि सगळ्या देशाचे डोळे तिकडे लागले: अडीच चौरस किलोमीटरसुद्धा नसेल, आणि माणसं आठ-दहा लाख. ८ एप्रिलपासून मुंबईत मास्क सक्तीचा झाला. मी बाबांच्या जुन्या लेंग्याच्या कापडाचे मास्क शिवले. नाड्या नेहमी तोकड्या पडायच्या.

आणि मग रंग आले. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी केंद्राने जिल्ह्यांची यादी काढली. मुंबई लाल, रायगड आणि रत्नागिरी नारिंगी, सिंधुदुर्ग हिरवा. महामार्गाने गावी जाताना जसजशी हिरवाई वाढत जाते, तसाच यादीतला क्रम. बाबांनी १ मेच्या चौकोनात काही रंगवलं नाही, पण त्या रात्री आईंशी फोनवर बोलताना म्हणाले, ‘तू हिरव्यात आसंस मां, मगे थंयच रव.’ पन्नासेक वर्षांच्या संसारात दोघं इतके दिवस लांब राहिली नव्हती, असं मात्र नाही. चाकरमान्यांच्या संसारात लांब राहणं असतंच. फरक एवढाच, की आधी सुट्टी मिळेना म्हणून, पैसे साठेनात म्हणून राहिली होती. गावाने येऊ नको म्हटलं म्हणून कधी नाही.

ते गावाने म्हटलं. मे महिना म्हणजे आंब्या-फणसाचा, चाकरमान्यांचा. दर वर्षी ‘मुंबयकार इले’ अशी हाळी देत पोरं एसटीच्या थांब्यापर्यंत धावतात. त्या मे महिन्यात तेच दोन शब्द वाडीत वेगळ्या आवाजात बोलले गेले. मुंबईहून माणसं निघाली होतीच. कुणी पास काढून, कुणी टेम्पोच्या हौद्यात ताडपत्रीखाली, कुणी चालत. नालासोपाऱ्याला राहणारा माझा चुलतदीर पनवेलपासून चालत निघाला आणि कशेडी घाटाच्या आधी एका ट्रकवाल्याने त्याला घेतला. भावकीतल्या एकाचा बाबांना फोन आला. ‘दादा, ह्या वर्साक येव नकात. गावात सगळी म्हातारी माणसा आसत.’

मला त्या वेळी फार राग आला होता. ज्या गावाच्या देवळाचा सभामंडप मुंबईच्या वर्गणीवर उभा राहिला, ज्या घरांच्या चुली वर्षानुवर्षं मनिऑर्डरवर पेटल्या, ते गाव आज आम्हाला वेशीवर अडवतं! मी हे मोठ्याने बोललेही. बाबा काही बोलले नाहीत. मग दोन दिवसांनी आईंचाच फोन आला. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. त्या म्हणाल्या, ‘तुमी येव नकात. हंय कोनाक काय झाला तर ओरोसाक नेवची गाडी एकच आसा.’

ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. त्यानंतर माझा राग ओसरला. पूर्ण गेला नाही, पण ओसरला. गावात तरुण माणूस नव्हता, कारण तो आमच्या मजल्यावर राहत होता. मुंबईने गावातली धडधाकट माणसं घेतली आणि म्हातारपण गावाला परत दिलं, हे काही त्या वर्षी सुरू झालं नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षं चाललंय. आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला तेव्हा बाबांचे आजोबा गोदीत होते, पोरसवदा. मुंबईतून लाखो लोक बाहेर पडले, त्यांत तेही. गावाने त्यांना वेशीबाहेरच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, ठेवलं. त्यांची आई गडग्यावर, दगडी कुंपणावर, पेज ठेवून मागे सरायची, मग ते येऊन घ्यायचे. १८९७ चा साथरोग कायदा त्याच प्लेगमुळे आला, आणि मार्च २०२० मध्ये राज्याने तोच कायदा लागू केला. मांगराची गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. ती पुन्हा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

जूनमध्ये महापालिकेच्या चोवीस वॉर्डांत चोवीस वॉर रूम सुरू झाल्या आणि शिक्षकांच्या ड्यूट्या लागल्या. मला दुसऱ्याच एका वॉर्डात जावं लागे. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल सुरू झाली होती. रिकाम्या डब्यात खिडकीपाशी बसून जाताना मला कधी बरं वाटलं नाही. ज्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, त्या गाडीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

वॉर रूममध्ये सकाळी आधी यादी यायची. रात्रीत आलेल्या रिपोर्टांतली आपल्या वॉर्डाची नावं. एकेकाला फोन लावायचा आणि तक्ता भरायचा. नाव, वय, ताप किती दिवस, घरात माणसं किती, साठीच्या वरचं कुणी आहे का, साखर-ब्लडप्रेशर आहे का. आणि एक प्रश्न: स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का? ‘आहे’ म्हटलं तर लक्षणं सौम्य असल्यास घरीच राहता येई. ‘नाही’ म्हटलं तर गाडी पाठवायची, माणसाला केंद्रात न्यायचं. नियम बरोबर होता. दुसरा कुठलाही नियम त्या परिस्थितीत केला असता तर माणसं मेली असती. पण दिवसभर तो प्रश्न विचारताना मुंबईचा एक नकाशा माझ्या डोळ्यांपुढे तयार झाला. त्यात वॉर्ड नव्हते. ज्यांच्या घरात संडास आहे ते आणि ज्यांच्या घरात नाही ते, एवढे दोनच भाग. मी स्वतः दुसऱ्या भागातली. मी कुणाला सांगितलं नाही.

एक फोन मला आवाजासकट आठवतो. बाई माझ्याच वयाची असावी. ‘बोला, पण थांबा हं, गॅस बारीक करते,’ म्हणाली. मग रिपोर्ट सांगितला. पलीकडे काही क्षण नुसता तव्याचा आवाज. घरात सहा माणसं, वस्तीत सार्वजनिक शौचालय. मी म्हटलं, ताई, तासा-दोन तासांत गाडी येईल, कपडे, औषधं, चार्जर भरून ठेवा. ती रडली नाही, भांडली नाही. तिने विचारलं, ‘कणीक मळून झालीय. चपात्या लाटून येऊ का? नाहीतर पोरं काय खातील?’

असल्या प्रश्नाला तक्त्यात रकाना नव्हता. शेजारी बसलेल्या डॉक्टर मुलीला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. कापड बांधा तोंडाला आणि लाटा, म्हटलं. ते चूक होतं की बरोबर, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मुलांना तिनेच कित्येक दिवस करून घातलेलं होतं, तेव्हा त्या दहा चपात्यांनी काय वाढणार होतं, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, तुला नियम सांगायला बसवलं होतं, दया करायला नाही.

संध्याकाळी घरी आले. चाळीच्या नळावर हातपाय धुतले, कपडे बादलीत टाकले. बाबा भिंतीपाशी उभे होते. टीव्हीवर मुंबईचा आकडा आला, त्यांनी लिहिला. त्यातला एक आकडा कणीक मळून बसलेला होता.

त्याच जुलैत मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ताची तपासणी करून बघितली, सिरो सर्वेक्षण. महिनाअखेरीस निकाल आला: झोपडपट्टीत शंभरातल्या ५७ जणांच्या शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे आजार होऊन गेल्याची खूण, सापडली, इमारतींत १६ जणांच्या. म्हणजे आपण रोज जो आकडा लिहितोय तो ज्यांची चाचणी झाली त्यांचा. कितीतरी माणसांना आजार होऊन गेला, ती कुठल्याच चौकोनात आली नाहीत. हे मी बाबांना समजावून सांगितलं. ते विचार करून म्हणाले, ‘मगे ह्या आकड्याक काय अर्थ?’ मी गणिताची बाई. म्हटलं, अर्थ आहे. आकडा चढतोय की उतरतोय एवढं तरी त्यावरून कळतं. ते लिहीत राहिले.

गणपती २२ ऑगस्टला होते. कोकणातला माणूस गणपतीला जाणार नाही असं होत नाही; साथ असो नसो. सरकारने नियम ठरवले: १२ ऑगस्टच्या आत पोचायचं, दहा दिवस विलगीकरणात राहायचं, एसटीने गेलात तर ई-पास लागणार नाही. लालबागला त्या वर्षी राजाची मूर्तीच बसली नाही. रक्तदान आणि प्लाझ्मादान झालं. घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत. बाबा एकटे निघाले. एका बाकावर एक जण, अशी एसटी. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले, तर म्हणाले, ‘कॅलेंडर लिव हां. दूध अर्धा कमी कर.’ त्या महिन्यातले ११ ते ३१ तारखांचे आकडे माझ्या अक्षरात आहेत. दुधाचे ॥ असे. कोविडचे मी एक दिवसही लिहिले नाहीत. दिवसभर ऐकलेले आकडे घरी आल्यावर हाताने लिहवेनात.

ग्रामसमितीने मुंबईहून आलेल्यांची सोय मराठी शाळेत केली होती. बाबा चौथीपर्यंत त्याच शाळेत शिकले. त्यांना मिळालेली खोली तिसरीच्या वर्गाची. भिंतीवर मुळाक्षरं, कोपऱ्यात बाकं एकावर एक रचलेली, खाली चटई. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. एरवी ते एका वाक्यात बोलतात, पण हे तुकड्या-तुकड्याने पुष्कळ दिवस सांगत होते. पहिल्या संध्याकाळी आई डबा घेऊन आल्या. शाळेच्या आवाराला चिऱ्यांचा गडगा आहे. त्यांनी डबा गडग्यावर ठेवला आणि चार पावलं मागे झाल्या. पाऊस लागला होता. त्या इरल्याखाली, हे पडवीत. मधे पंधराएक फूट. सव्वापाच महिन्यांनी दोघं एकमेकांना बघत होती, आणि दोघांच्याही तोंडाला कापड.

‘मग काय बोललात?’ मी विचारलं होतं.

‘बोलतलंय काय? ती म्हनाली, बारीक झालास. मी म्हटलंय, डब्यात काय आसा?’

डब्यात पेज होती आणि अळूची भाजी. पावसाचं पाणी डब्याच्या झाकणावर साचलेलं. दहा दिवस, दोन्ही वेळा, तसंच. अकराव्या दिवशी गणपती आणायला ते स्वतः गेले.

त्यानंतरचे महिने मी भराभर पलटले. ऑक्टोबरात बायकांना लोकलने जाता येऊ लागलं. दिवाळीला आई मुंबईत आल्या. दूध १॥. वरचे-खालचे दोन्ही आकडे उतरत गेले. १ फेब्रुवारीला ठरावीक वेळांत सगळ्यांना लोकल मोकळी झाली आणि स्टेशनवर माणसं एकमेकांना धक्के देताना हसत होती. मला वाटलं, संपलं.

त्याच महिन्यात अमरावती, अकोला, यवतमाळचे आकडे वाढायला लागले होते. अमरावतीत पुन्हा टाळेबंदी झाली. माझ्या शाळेतल्या एक बाई तिकडच्या. त्या रोज सांगायच्या, आमच्याकडे काहीतरी वेगळंच चाललंय, घरंच्या घरं पडतायत. आम्ही ऐकत होतो, काळजी घ्यायला सांगा, म्हणत होतो. मुंबईतल्या माणसाला विदर्भ लांब वाटतो. वर्षापूर्वी कोकणाला मुंबई तशीच लांब वाटली असेल, खाली शून्य होतं तेव्हा. हे तेव्हा सुचायला हवं होतं. मी त्या बाईंना एकदासुद्धा घरी फोन लावून विचारलं नाही.

शिमग्याला आई पुन्हा गावी गेल्या. बाबांनी लशीचा पहिला डोस घेतला होता, दुसऱ्याची वाट बघत होते, म्हणून थांबले. मार्च २०२१ च्या अखेरीस दूध पुन्हा १.

४ एप्रिलला मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्ण. बाबांनी तो आकडा स्वल्पविरामासकट लिहिलाय. वॉर रूममध्ये आता उलटं झालं. आधी आम्ही फोन लावायचो, आता फोन आम्हाला यायचे. आता इमारतींतूनही. स्वतंत्र स्वच्छतागृहं असलेली, तीन-तीन बेडरूमची घरं, आणि पलीकडून एकच वाक्य: ऑक्सिजनचा बेड मिळेल का? आधीच्या वर्षी मी जी भिंत बघितली होती, ती त्या महिन्यात उरली नाही. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध, पुढच्या आठवड्यात आणखी कडक, लोकल पुन्हा बंद, जिल्ह्याबाहेर जायला पुन्हा ई-पास. त्याच दिवसांत एका रात्री ऑक्सिजन कमी पडेल म्हणून सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण दुसरीकडे हलवले. सगळे सुखरूप पोचले. पुढे मुंबईच्या कामाचं सर्वोच्च न्यायालयात कौतुक झालं तेव्हा मला ती रात्र आठवली. कौतुक खरंच होतं. पण ज्यांनी ती रात्र काढली त्यांना कौतुक ऐकायलाही बळ उरलं नव्हतं.

मेमध्ये मुंबई उतरायला लागली आणि कोकण चढायला लागलं. बाबांच्या अपूर्णांकात खालचा आकडा फुगत होता. बाबा फोनवर आईंना म्हणायचे, ‘भायर पडा नको.’ वर्षापूर्वी असं बजावणाऱ्या आई होत्या.

१२ मे. चौकोनात निळ्या पेनाने १. खाली मुंबईचा आकडा, रेघ, सिंधुदुर्गाचा आकडा. आणि त्याच्या बाजूला, जागा पुरेना म्हणून तिरकं, पेन्सिलीने लिहिलंय: ‘पैकी १ आपली.’

मी हे त्या वेळी बघितलं नव्हतं. घरात धावपळ होती. आईंचा ऑक्सिजन ९१ वर आला होता, त्यांना ओरोसला नेलं होतं. आता ट्रंकेपाशी बसून वाचलं तेव्हा माझ्या हातातून गुंडाळी सुटली. वर्षभर मी दिवसाला शंभर-शंभर माणसांना फोन करत होते, प्रत्येक आकड्यात माणूस आहे हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी रोज संध्याकाळी भिंतीवरचा तो खालचा आकडा बघताना मी एवढंच बघायचे की तो मुंबईपेक्षा लहान आहे ना.

१६ मेला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून गेलं. झाडं पडली, तारा तुटल्या, फोन बंद. ओरोसला काय चाललंय, कळायला मार्ग नाही. रुग्णालयात वीज आहे का, जनरेटर आहे का, कुणाला विचारायचं? माझा नवरा ई-पासच्या अर्जात ‘कारण’ ह्या रकान्यात काय लिहायचं म्हणून बसला होता. आई गंभीर आजारी, असं लिहिताना त्याचा अंगठा थांबला. लिहिलं की खरं होईल असं वाटलं असेल. १७ तारखेला तेच वादळ मुंबईजवळून गेलं. चाळीच्या पत्र्यांचा रात्रभर आवाज. बाबा अंधारात बसून होते. १६, १७ आणि १८ मे, तिन्ही चौकोन कोरे आहेत. दूध आलं होतं, मला आठवतं. लिहिलं गेलं नाही.

१९ ला दुपारी नवऱ्याचा फोन लागला. तो कुठल्याशा उंचवट्यावर जाऊन बोलत होता, रेंज तिथेच होती. आई बऱ्या होत्या. ऑक्सिजन लावलेला होता आणि त्या विचारत होत्या, घराच्या मागचा फणस राहिला की पडला.

१९ मेच्या चौकोनात निळ्या पेनाने १. त्याच्या खाली काही नाही. २० ला नाही, २१ ला नाही. त्या दिवसानंतर बाबांनी कोविडचा एकही आकडा लिहिला नाही. ७ जूनपासून राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले, बाधितांचं प्रमाण आणि भरलेले ऑक्सिजन बेड बघून. मुंबई तिसऱ्या स्तरात, सिंधुदुर्ग चौथ्या. आता गाव आमच्यापेक्षा जास्त बंद. माझा लेक मोबाइलवर बघून त्यांना सांगत होता: आजोबा, उलटं झालं. त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिली. आई जुलैच्या शेवटी परत आल्या. दूध १॥.

ऑक्टोबरात एक दिवस आला, १७ तारखेचा, ज्या दिवशी मुंबईत कोविडने एकही मृत्यू झाला नाही. मार्च २०२० नंतर पहिल्यांदाच. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं, आणि कॅलेंडरकडे बोट दाखवलं, निदान हा तरी लिहा म्हणून. ‘लिवान काय करतलंय? बरा झाला,’ एवढंच म्हणाले.

आणि मग जानेवारी २०२२. ७ तारखेला मुंबईत २०,९७१ रुग्ण. एप्रिलच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. ह्या वेळी माणसं सौम्य आजारी होती, बहुतेक घरीच बरी होत होती, पण आकडा ऐकून माझ्या पोटात जुना गोळा उठलाच. आमच्या शेजारच्या खोलीतली तिघंही त्याच आठवड्यात पॉझिटिव्ह आली. मजल्याने कडेचा एक संडास त्यांच्यासाठी राखून ठेवला, बाहेर कुणी पाटी लावली नाही. आई सकाळी दुधाची पिशवी त्यांच्या कडीला अडकवायच्या, कडी दोनदा वाजवायच्या आणि चार पावलं मागे यायच्या.

मी ते पान शोधून काढलं. ७ जानेवारीच्या चौकोनात निळ्या पेनाने २ आहे. खाली बारीक अक्षरांत, ‘शेजारी ॥’. नवीन नियमाने घरचं विलगीकरण सात दिवसांचं होतं. सात चौकोनांत २ आहे. आठव्या दिवशी पुन्हा १॥.